गार्डनचं कंत्राट देताय? आधी त्याच्या जुन्या साइटवरच्या माळ्याला भेटा

एप्रिल लागला की या सदराकडे एकाच प्रकारची पत्रं येतात, जूनच्या आत लागवड उरकायची असते आणि सगळ्यांना एकदमच गार्डनवाला हवा असतो. या वेळी इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून फक्त हाच विषय घेतेय. मी या लाइनीत बावीस वर्षं आहे, आधी नर्सरीत, मग लँडस्केप साइटवर सुपरव्हायझर, आता फक्त सल्ला देते, स्वतः कंत्राट घेत नाही. त्यामुळे जे लिहितेय ते मोकळेपणाने लिहितेय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी चाकण एमआयडीसीत एका कंपनीत अ‍ॅडमिन बघतो. नवीन शेडसमोर १२ हजार स्क्वेअर फूट लॉन, कंपाउंडच्या कडेने ८० झाडं आणि गेटपाशी झुडपं असं काम काढलंय. तीन कोटेशन आलीत, ९ लाख ४० हजार, १३ लाख आणि साडेचौदा लाख. तिघांचेही फोटो आणि थ्रीडी झकास. साहेब म्हणतात सगळ्यात कमीवाल्याला देऊन मोकळे व्हा. पण उद्या काही बिघडलं तर तीन वर्षं मलाच ऐकून घ्यावं लागणार. नेमकं बघू काय?

उत्तर : दादा, तुमची भीती रास्त आहे, पण साहेबांना भीती सांगून चालणार नाही, आकडे दाखवावे लागतील, म्हणून आधी आकडेच घेऊ. तिन्ही कोटेशनच्या कॉपी सोबत पाठवल्यात हे फार बरं केलंत.

मातीची ओळ काढा. १३ लाखवाल्याने लिहिलंय लाल माती ६५ ब्रास, रेट ब्रासला ३,२००. आता १२ हजार स्क्वेअर फुटावर सहा इंच माती म्हणजे ६ हजार घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ६० ब्रास झाले, आणि पाणी मारल्यावर माती बसते म्हणून वरचे पाच, हिशोब अगदी बरोबर जुळतो. ९ लाख ४० हजारवाल्याने काय लिहिलंय? "लाल माती व शेणखत, आवश्यकतेनुसार, लमसम." लमसम म्हणजे मापं न देता सगळ्याची एकच ठोक रक्कम, आणि या आवश्यकतेनुसार शब्दातच सगळं आलं बघा. त्याने तीन इंच टाकली तर ३० ब्रासमध्ये काम झालं आणि एकट्या मातीत लाखभर रुपये वाचले, आणि वरून लॉनचे तुकडे अंथरले की खाली तीन इंच आहे का सहा हे कोणालाही कळत नाही. चार महिने सगळं हिरवंगार राहतं, पाऊस असतो ना. मग ऑक्टोबर हीट सुरू झाली की पिवळे पट्टे यायला लागतात कारण खाली तुमच्या शेडच्या बांधकामाचा राडारोडा आहे, मुळं तिथे जाऊन अडतात, आणि तोपर्यंत त्याचं शेवटचं बिल निघून गेलेलं असतं.

तसंच ८० झाडांचं. झाडाचा खड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा धरा, म्हणजे एका खड्ड्याला २७ घनफूट, ८० खड्ड्यांना साडेएकवीस ब्रास भरायची माती लागते. कमीवाल्याच्या कोटेशनमध्ये खड्ड्याची साइजही नाही आणि भरायच्या मातीची ओळही नाही. म्हणजे तो चोर आहेच असं मी म्हणत नाही, कदाचित त्याने लिहायचा कंटाळा केला असेल. पण तिघांनाही एकच कोरा तक्ता द्या ज्यात माती किती ब्रास, जाडी किती इंच, खड्डा केवढा, खत कोणतं आणि किती, रोपाची उंची, बुंध्याची जाडी आणि पॉलिबॅगची (रोप ज्या प्लास्टिकच्या पिशवीत वाढवतात तिची) साइज असे रकाने असतील, आणि म्हणा यात रेट भरून द्या. मग बघा ९ लाख ४० हजाराचे किती होतात ते. तिघं एकाच कामाचा रेट देतायत हेच आधी पक्कं व्हायला पाहिजे, नाहीतर तुलना कशाची करताय?

पॉलिबॅगचं मुद्दाम लिहिते. "बकुळ ८ फूट" एवढंच लिहिलं असेल तर आठ फुटांची बकुळ बारा बाय बारा इंचांच्या बॅगेतही मिळते आणि एकवीस बाय एकवीसच्या बॅगेतही मिळते, उंची सारखीच पण पहिली काठीसारखी वर गेलेली असते आणि दुसरीचा बुंधा मनगटाएवढा, किमतीत कितीतरी पटींचा फरक. रोपं साइटवर आली की दोन-तीन बॅगा उघडून बघा. मुळं बॅगेच्या आत गोल गोल फिरून दोरखंडासारखी झाली असतील तर ते रोप फार काळ बॅगेत अडकलेलं आहे, जमिनीत गेलं तरी ती मुळं तशीच फिरत राहतात. आणि बॅग उचलताच माती भसकन खाली पडली तर ते गेल्या आठवड्यात बॅगेत भरलंय. पुण्याजवळ सोरतापवाडी, उरुळी कांचनला नर्सऱ्या आहेत, तिथे कॉन्ट्रॅक्टरबरोबर अर्धा दिवस जा, निवडलेल्या झाडांना रिबिनी बांधून या. बराच माल आंध्रातल्या कडियमहूनही ट्रक भरून येतो, त्यात काही वाईट नाही, पण ते झाड गोदावरीकाठच्या दमट हवेतलं असतं, ट्रकमधून उतरवून थेट चाकणच्या उन्हात लावलं तर पानं टाकतं. त्याला विचारा की आणलेला माल शेडनेटखाली किती दिवस ठेवता. जो म्हणेल दोन-तीन आठवडे, त्याच्याशी पुढे बोला.

आता मुख्य गोष्ट. फोटो आणि थ्रीडी बाजूला ठेवा. तिघांकडूनही अशा साइटची यादी मागा ज्या दोन ते तीन वर्षांपूर्वी पूर्ण झाल्या आणि ज्यांचा मेंटेनन्स आजही त्यांच्याचकडे आहे. नवीन साइट नको, सहा महिन्यांची बाग कोणाचीही छान दिसते. त्या यादीतून तुम्ही दोन निवडा, त्याला निवडू देऊ नका, आणि त्याला बरोबर न घेता जा, शक्यतो याच एप्रिल-मे महिन्यात दुपारी अकरा-बाराच्या उन्हात.

तिथे गेल्यावर आधी लॉन बघू नका, झाडांच्या बुंध्यापाशी खाली वाका. गवत कापायच्या मशीनची तार फिरते ना, ती बुंध्याला लागून लागून साल सोलते, जमिनीलगत कंबरपट्ट्यासारखा गोल घाव दिसतो, आणि असा पूर्ण गोल घाव झाला की वरून हिरवं दिसणारं झाड दोन वर्षांत मरतं. असे घाव असतील तर समजा त्या माळ्यांना कोणी शिकवलेलं नाही आणि सुपरव्हायझर खाली वाकून बघत नाही. मग आधाराला बांधलेल्या बांबूच्या सुतळ्या बघा, तीन वर्षांनीही तशाच असतील आणि सालीत रुतल्या असतील तर तेच. मग जास्वंदीचं पान उलटं करून बघा, पांढरा कापूस चिकटल्यासारखा मिलीबग आहे का. आणि पालापाचोळा कुठे जातो ते विचारा, खड्ड्यात कुजवतात का कोपऱ्यात जाळतात.

मग माळ्याशी बोला. हे मी पोटतिडकीने सांगतेय कारण बाग ड्रॉइंग करणारा सांभाळत नाही, कोटेशनवर सही करणारा सांभाळत नाही, रोज सकाळी पाइप धरणारा माणूस सांभाळतो. तळेगावकडच्या एका साइटवर मी अशीच एकटी गेले होते, एक पन्नाशीचे माळीकाका मोगऱ्याच्या आळ्यातलं गवत खुरप्याने काढत होते, खुरपं झिजून झिजून बोटाएवढं राहिलेलं. विचारलं, काका किती वर्षं इथं? म्हणाले, "बाग लावली तेव्हापासून, चार वर्षं झाली." पगार कधी होतो? "सात तारखेला, कधी आठ." साहेब येतात का? "बुधवारी येतात, त्या शिरीषाला काय झालंय ते बघायला ह्या बुधवारी मुद्दाम आले होते." आणि मग त्यांनी मला तो शिरीष नेऊन दाखवला, खोडाला भोक पाडणारी अळी लागली होती, भोकात औषधाचा कापूस घालून वरून चिखलाने बंद केलेलं. मी दुसरं काही बघितलंच नाही, त्याच कॉन्ट्रॅक्टरचं नाव सुचवलं आणि ते काम आजही चांगलं चाललंय. उलट ज्या साइटवर माळी म्हणतो मी मागच्या महिन्यातच आलो, आधीचा सोडून गेला, त्याच्या आधीचाही सोडून गेला, तिथून परत फिरा.

मीही एकदा फसलेय. एका हॉस्पिटलच्या कामाला मी फक्त फोटो आणि गोड बोलण्यावर एकाचं नाव सुचवलं. चाळीस बकुळी लावल्या, दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत सव्वीस गेल्या. एक उपटून बघितली तर खड्डा जेमतेम फूटभर, तोही कडक मुरुमात पहारीने खणलेला, पावसाळ्यात त्या वाडग्यात पाणी साचून मुळं कुजली होती आणि उरलेली उन्हाळ्यात भाजली. हॉस्पिटलच्या लोकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण त्या सव्वीस झाडांचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी खड्डे भरायच्या आधी स्वतः टेप लावते आणि एका खड्ड्यात पाणी भरून ठेवायला सांगते, दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तळ फोडल्याशिवाय झाड लावायचं नाही. तुमच्याकडेही मुरूम लागेल, ही टेस्ट करारात लिहून घ्या.

पाण्याचाही हिशोब विचारा. तुमचं लॉन साधारण अकराशे चौरस मीटर होतं, उन्हाळ्यात चौरस मीटरला पाच लिटर धरले तरी रोजचे साडेपाच हजार लिटर. जो कॉन्ट्रॅक्टर पहिल्या भेटीत "पाणी कुठून आणि किती मिळणार" हे न विचारता लॉनचा रेट देतो त्याला लॉन जगवायचं नाहीये, अंथरायचंय. कंपनीत एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असेल तर ते पाणी वापरता येईल. आणि माझं मत विचाराल तर १२ हजारातलं निम्मं लॉन कमी करा आणि तिथे करवंद, निरगुडी, तगर अशी झुडपं लावा, साहेबांना हेही सांगून बघा.

प्रश्न : मॅडम, वाकडला आमची २१० फ्लॅटची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी. पोडियमवरचं, म्हणजे पार्किंगच्या छतावरचं गार्डन नव्याने करायचंय कारण खाली पार्किंगमध्ये गळतंय. गार्डनवाला म्हणतो वॉटरप्रूफिंगही मीच करून देतो, एकाच माणसाकडे दिलं की जबाबदारी एकाची. द्यावं का?

उत्तर : जबाबदारी एकाची असावी हे बरोबर, पण ती कागदावर कशी येते ते बघा. त्याला विचारा, वॉटरप्रूफिंग तुम्ही स्वतः करता का पुढे कोणाला देता, आणि देत असाल तर त्याची गॅरंटी सोसायटीच्या नावाने लेखी मिळेल का. वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि माती पडायच्या आधी पाणी भरून किमान ४८ तास ठेवायचं, खाली पार्किंगमध्ये छताचे फोटो काढायचे, दोन्ही बाजूंनी सही करायची. ही टेस्ट नको म्हणणाऱ्याला काम देऊच नका, कारण माती पडल्यावर गळती शोधणं म्हणजे सगळी बाग उकरणं.

दुसरं, त्याने ड्रेन सेल (पाणी वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीदार प्लेटा), त्यावर जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी खाली जाऊ देणारं कापड) आणि मुळं अडवणारा थर हे तीन शब्द स्वतःहून उच्चारले का? आणि त्याला सहज म्हणून विचारा की पोडियमवर कोणती झाडं लावाल. नांदरूक, रबर, बांबू ही नावं आली तर तिथेच थांबा, ही मुळं वॉटरप्रूफिंग फोडून स्लॅबपर्यंत जातात. देवचाफा, कुंती, तगर, अनंत असं काही म्हणाला तर त्याला पोडियम कळतं.

आणि एक काम त्याचं नाही, तुमचं आहे. ओली माती फार जड असते, फूटभर जाडीच्या थराचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या पुढे जातं. तुमचा स्लॅब किती वजनासाठी डिझाइन केलाय ते बिल्डरने दिलेल्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये असतं, ते घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एक पत्र घ्या. लोकांना टेकड्या हव्या असतात, दगड हवे असतात, कारंजं हवं असतं, सगळं हौसेने ठरतं आणि खाली आपल्याच मुलांच्या सायकली उभ्या असतात. इथे काटकसर करू नका. खर्च उपविधीतल्या कमिटीच्या मर्यादेपेक्षा जास्त असणारच, तेव्हा सर्वसाधारण सभेत आलेली सगळी टेंडर ठेवून ठराव करून घ्या, नंतर सभासदांनी विचारलं की तुम्ही एकट्या पडायला नको.

प्रश्न : नाशिकला आमचं ६० बेडचं हॉस्पिटल आहे, मी अकाउंट्सला आहे. गार्डन मेंटेनन्सला चार माळी लागतात. कॉन्ट्रॅक्टरने जीएसटी, उद्यम (लघुउद्योग नोंदणी), आयएसओ अशी फाइल भरून कागद दिलेत. यातलं कामाचं काय?

उत्तर : उद्यमचं सर्टिफिकेट स्वतःच्या घोषणेवर मिळतं, त्यावरून काम येतं का नाही ते कळत नाही. जीएसटी नंबर मात्र पोर्टलवर टाकून बघा, लॉगिन लागत नाही, पंधरा अक्षरी नंबर असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. नाव जुळतंय का, नंबर चालू आहे का, रिटर्न भरलेत का एवढं दोन मिनिटांत दिसतं. रोपांवर जीएसटी नाही पण मेंटेनन्सच्या कामावर १८ टक्के आहे, एकत्र बिल असेल तर कसं धरायचं ते तुमच्या सीएंना आधीच विचारून ठेवा. टीडीएस कापायला विसरू नका, एकटा मालक असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २.

पण खरं बघायचंय ते पीएफ आणि ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, कारण कॉन्ट्रॅक्टरने भरलं नाही तर ते मूळ मालकाकडून म्हणजे तुमच्याकडून वसूल होऊ शकतं. नुसतं चलन घेऊन फाइलला लावू नका, त्याच्यासोबत कामगारांच्या नावांची यादी मागा आणि ती तुमच्या गेटच्या रजिस्टरशी ताडून बघा. मी एका ठिकाणी असं ताडलं तर चलनातली नावं सगळी दुसऱ्याच साइटवरच्या माणसांची निघाली, आमच्या गेटमधून येणाऱ्या एकाचंही त्यात नाव नव्हतं. तुमच्या चौघांपैकी उद्या एखाद्याला साप चावला, कटरने बोट गेलं, तर ती माणसं कागदावर कुठेच नाहीत. ईएसआय लागू नसेल तर कामगार भरपाईची विमा पॉलिसी मागा, आणि झाडावर चढून छाटणी करणार असतील तर उंचीवरचं काम पॉलिसीत धरलंय का ते वाचा.

आणि तुम्ही अकाउंट्सच्या आहात म्हणून हा हिशोब तुम्हालाच जमेल. चार माळ्यांचं सध्याचं किमान वेतन घ्या (विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, ताजा घ्या), त्यावर पीएफचे मालकाचे १३ टक्के, ईएसआयचे सव्वातीन, बोनसचे ८.३३, सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बदली माणसाचा खर्च, मग खत, औषध, मशीनचं पेट्रोल. कॉन्ट्रॅक्टरचा महिन्याचा रेट या बेरजेच्याही खाली असेल तर फरक कोणाच्या तरी पगारातून निघणार आहे. तो माळ्याच्या पगारातून निघतो. आणि अर्ध्या पगारावरचा माळी तुमच्याकडे दोन तास थांबून दुसरीकडे दुसरं काम करायला जातो, त्याला मी तरी दोष देणार नाही, त्याला घर चालवायचंय.

प्रश्न : सांगलीला शाळेत बाग आहे. मेंटेनन्सवाल्याचा माणूस बादलीत काठीने औषध ढवळून मुलं असतानाच फवारतो. नवीन माणूस ठेवायचाय, औषधांबद्दल काय विचारावं?

उत्तर : आजच आधी ते थांबवा, नवीन माणूस मिळेपर्यंत वाट बघू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ती शेतातली मोठी माणसं होती, तुमच्याकडे सात-आठ वर्षांची मुलं खेळतात.

नवीन माणसाला म्हणा, वापरणार असाल त्या प्रत्येक औषधाचं नाव लिहून द्या आणि रिकाम्या बाटल्या दाखवा. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. शाळेत लाल आणि पिवळा आत येऊच द्यायचा नाही असं करारात लिहा. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस ही तर ३१ डिसेंबर २०२० नंतर देशातच बंद आहेत, पण जुन्या सवयीने माळी अजून मागतात. यादीत ही नावं दिसली तर त्याला साधं सांगा की जमणार नाही. फवारणी फक्त शनिवारी शाळा सुटल्यावर, आणि हातमोजे, मास्क, गॉगल कॉन्ट्रॅक्टरने द्यायचे, माळ्याने स्वतःच्या पैशांनी आणायचे नाहीत. शाळेच्या बागेला तसंही निंबोळी अर्क आणि पाण्याचा जोरदार फवारा यावर बरंच काही निभावतं, मावा तर नुसत्या पाण्याच्या माऱ्याने धुऊन जातो.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या ऑफिस कॉम्प्लेक्समध्ये मोठे गुलमोहर आहेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो छाटणीची परमिशन वगैरे आम्ही बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

उत्तर : घ्या. झाडं तुमच्या आवारात आहेत, महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज तुमच्या नावाने जायला हवा आणि परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय करवत लावू द्यायची नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे, तुमचे गुलमोहर किती जुने ते विचारून घ्या. आणि "शेंडा मारून देतो" म्हणणाऱ्याला काम देऊ नका, शेंडा उडवलेल्या झाडाला कापापाशी भाराभर कोवळ्या फांद्या फुटतात, त्यांची पकड कच्ची असते आणि पुढच्या पावसात त्याच गाड्यांवर पडतात.

प्रश्न : ताई, आमचं कोल्हापूरजवळ मंगल कार्यालय आहे. गावातलाच एक नर्सरीवाला आहे, आधी माळी होता, जीएसटी नाही, ऑफिस नाही, थ्रीडी तर त्याला माहीतच नाही, पण त्याने लावलेलं एकही झाड गेलेलं मी बघितलं नाही. घरचे म्हणतात मोठ्या फर्मला द्या, पाहुण्यांसमोर शोभेल असं पाहिजे. तुम्ही काय म्हणता?

उत्तर : तुम्ही जे डोळ्यांनी बघितलंय ते मोठं आहे, चाकणच्या दादांना मी जे शोधायला सांगितलं ते तुमच्या गावात आयतं आहे. जीएसटी नसणं हा दोष नाही, सेवा देणाऱ्याची एकूण उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर तो लागतच नाही. पण त्याला एकदम सगळं काम देऊन त्याचीही कोंडी करू नका, छोट्या माणसाकडे फिरवायला पैसे नसतात आणि मोठ्या कामात तो उधारीवर माती आणून अडकतो. आधी प्रवेशद्वाराचा हजार स्क्वेअर फुटांचा तुकडा द्या, तीन महिने बघा. मातीचे आणि रोपांचे पैसे माल साइटवर उतरल्या दिवशी द्या, मजुरी आठवड्याला द्या, आणि एकूण रकमेचे दहा टक्के वर्षभर मागे ठेवा, त्या वर्षात गेलेलं झाड त्याने बदलून द्यायचं. हे दहा टक्के ठरल्या तारखेला नक्की देणार हेही लिहून द्या, कारण छोट्या माणसाचे मागे ठेवलेले पैसे बुडवणारे मालकही मी पाहिलेत.

एकच बघा, माती आणतो कुठून. नदीकाठची गाळाची माती असेल तर एक घमेलं चाळणीतून चाळा आणि काळ्या, हरभऱ्याएवढ्या गाठी निघतात का ते बघा. तो लव्हाळा. एकदा आवारात शिरला की वर्षानुवर्षं खुरपत बसावं लागतं, मांडवाच्या खांबाच्या खड्ड्यातूनसुद्धा वर येतो. गाठी निघाल्या तर तो ट्रॅक्टर तसाच परत पाठवा आणि त्याला सांगा की दुसऱ्या शेतातली बघ, वाहतुकीचे पैसे आम्ही देतो.